‘सेड’च्या मारेकऱ्यांना

अमेरिकेतल्या कित्येक शाळांच्या वर्गांत एक तक्ता लावलेला असतो: ‘सेड इज डेड’. खाली ‘सेड’ऐवजी वापरायच्या क्रियापदांची लांबलचक यादी: एक्स्क्लेम्ड, रिटॉर्टेड, मटर्ड, बेलोड. यादीतलं जितकं वापराल तितकं तुमचं इंग्रजी श्रीमंत!

साफ खोटं. ‘सेड’ हे इंग्रजीतलं सर्वांत सभ्य भूतकाळी क्रियापद आहे. बोललं कोण, एवढं सांगतं आणि वाटेतून बाजूला होतं. संवादात दम असेल तर राग शब्दांतच दिसतो. नसेल, तर ‘रिटॉर्टेड’ म्हणजे शिळ्या आमटीला वरून दिलेली फोडणी. ‘सेड’ पुन्हा पुन्हा आलं की कंटाळा येतो म्हणे! वाचकाला कंटाळा येतो तो पात्रांच्या बोलण्याचा. बिचारं ‘सेड’ फुकट बदनाम होतं. गुन्हेगारी कादंबऱ्यांतल्या चुरचुरीत संवादांसाठी नावाजलेल्या एल्मोर लेनर्ड यांनी २००१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेखनाचे नियम सांगितले. त्यातला एक हाच: संवादाला ‘सेड’खेरीज क्रियापद जोडू नका. कुणी खरोखर कुजबुजलं असेल, तर ‘व्हिस्पर्ड’ जरूर लिहा. पण नुसतं बोलणाऱ्याला डरकाळी फोडायला का लावता?

कथेत हा हौशीपणा खपेलही. बातमीत ती लबाडी ठरते. मंत्री बोलले, ‘निधी वेळेत आला नाही.’ इथे ‘सेड’ लिहिलंत तर बातमी झाली. ‘क्लेम्ड’ लिहिलंत तर मंत्र्यावर संशय, ‘अ‍ॅडमिटेड’ लिहिलंत तर गुन्ह्याची कबुली, ‘रिव्हील्ड’ लिहिलंत तर त्यांच्या शब्दावर सत्याचा शिक्का. पुरावा एकाचाही नाही. निकाल मात्र क्रियापदानेच देऊन टाकला.

आपण मराठी लोक तर या कलेत इंग्रजांच्याही पुढे. आमच्या मथळ्यांतून ‘म्हणाले’ कधीच हद्दपार झालं. नेते गरजतात, बरसतात, कडाडतात, खडसावतात, टोला लगावतात, तोफ डागतात. हातातला कागद रटाळपणे वाचून दाखवणारा गृहस्थही दुसऱ्या दिवशी छापून येतो तो ‘कडाडला’ म्हणून! भाषणात मुद्दा काय होता, हे विचारायची सोय नाही. गडगडाट ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि पान उलटायचं.

संपादकहो, माणूस काय म्हणाला तेवढं नीट छापा. तो गरजला की कुरकुरला, ते आमचं आम्ही ठरवू.