मिठागराची सनावळी

मीरा रोडच्या पेणकरपाड्यापासून भाईंदरच्या खाडीपर्यंतच्या मुलखाचा इतिहास सांगायला बसले की माणसे वसईच्या पोर्तुगीजांपासून, म्हणजे 1534 पासून सुरुवात करतात. मग 1739 ची चिमाजी अप्पांची मोहीम, मिठावरचा इंग्रजी कर, आणि 1930 मधले वडाळ्याचे व शिरोड्याचे सत्याग्रह. आजचा अध्याय जमिनीच्या भावाचा. मिठागराची सनावळी मात्र पृथ्वी जन्मायच्या आधीच सुरू झाली आहे.

मिठातले सोडियम घडवणे सूर्याच्या आवाक्यातले काम नाही. ते मुख्यतः सूर्याच्या आठपटींहून जड असलेल्या ताऱ्यांत घडले. अशा ताऱ्याच्या गाभ्यातला हेलियम संपला की गाभा आकसतो, तापमान साठ-ऐंशी कोटी अंशांवर जाते आणि एरवी एकमेकांना दूर लोटणारी कार्बनची दोन अणुकेंद्रे अखेर एकजीव होतात. त्यातून कधी निऑन आणि हेलियम निघतो, कधी सोडियम आणि एक प्रोटॉन. हे सोडियम बरेचसे तिथल्या तिथेच पुढच्या अभिक्रियांत खर्ची पडते. गाभा आणखी तापला की उरलेलेही जाते. वाचते ते गाभ्याभोवतीच्या थरांतले, आणि ताऱ्याचा स्फोट झाला की तेच अवकाशात उधळले जाते. मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या कडवट पाण्यातले मॅग्नेशियमही बहुतांश अशाच ताऱ्यांचे.

हा सगळा कारभार विलक्षण घाईचा असतो. सूर्याच्या पंचवीसपट जड तारा हायड्रोजनवर सुमारे सत्तर लाख वर्षे काढतो. कार्बन त्याला जेमतेम सहाशे वर्षे पुरतो. बहामनी सुलतानांपासून आजपर्यंतचा काळ, बस्स. कारण या टप्प्यापासून न्यूट्रिनो नावाचे कण गाभ्यातली ऊर्जा थेट बाहेर पळवतात आणि तो तोटा भरून काढायला इंधन भराभर जाळावे लागते. बाहेरून मात्र काहीच कळत नाही. मृग तारकासमूहातला तांबूस आर्द्रा तारा बहुतेक अभ्यासकांच्या मते अजून हेलियमवरच आहे, पण त्याच्या चेहऱ्यावरून पोटातले ओळखणे अवघड.

कार्बनपासून निकेलपर्यंतची मूलद्रव्ये घडण्याची ही साखळी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी 1954 च्या शोधनिबंधात मांडली. गाजला तो 1957 चा निबंध, बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉईल या चौघांचा. 1983 चे नोबेल चंद्रशेखर आणि फाउलर यांना मिळाले, हॉईल वगळले गेले. आमच्या मते हा उघड अन्याय होता. सामुदायिक निबंधाच्या सावलीत 1954 चे एकट्याचे काम झाकले गेले, आणि विज्ञानाचा इतिहास लिहिणारेही ते क्वचितच बाहेर काढतात.

त्याच हॉईल यांचे केंब्रिजमधले विद्यार्थी कोल्हापूरचे जयंत नारळीकर. 1972 मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, 1988 मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली, आणि ‘आकाशाशी जडले नाते’सारख्या पुस्तकातून हे विश्व मराठीत आणले. म्हणजे मीरा रोडहून चर्चगेटची लोकल पकडणाऱ्या विद्यार्थ्याला हा विषय ना भाषेने लांब आहे, ना अंतराने. तरीही आपल्या शाळांत सोडियम येते ते आवर्तसारणीतला अकरावा चौकोन म्हणून, आणि मिठागर येते ते भूगोलात, आलेच तर.

मीरा-भाईंदर महापालिकेने आणि राज्य सरकारने खाडीकाठच्या मिठागरांपैकी एक तरी चालते ठेवावे. शोभेसाठी नको, मीठ पिकवणारे हवे, आणि तिथले काम आगरी मिठागरवाल्यांकडेच असावे. शहरातल्या प्रत्येक शाळेने आठवीची मुले तिथे न्यावीत आणि रसायन व इतिहास दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी सोबत जावे. सहल फेब्रुवारी-मार्चात काढावी. जूनच्या उत्तरार्धात सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो, तोवर मीठ उचलून झालेले असते.