विमानतळ नको, विमान हवे

आमच्या गावाला विमानतळ हवा, असे म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे. आमच्या गावाला विमानतळ कशाला हवा, असे म्हणणाऱ्यांचा त्याहून अधिक आला आहे. दिवाळीच्या दिवसांत कुणाशी भांडू नये, असे घरातून बजावले गेले आहे. पण फराळाच्या ताटाभोवती चार पाहुणे जमले की रत्नागिरीत हल्ली हाच विषय निघतो. करंजी हातात राहते आणि आवाज चढतो. तेव्हा जे तोंडी बोलताना अर्धवट राहते, ते एकदाचे लिहूनच काढावे म्हटले.

माझे घर मिरकरवाड्याच्या बाजूला. पहाटे बंदरावर नौका लागतात, टोपल्या उतरतात, बर्फ फुटू लागतो, लिलावाची ओरड सुरू होते आणि ट्रक मुंबई-कोल्हापूरच्या वाटेला लागतात. या गडबडीत कधी डोक्यावरून एखादे विमान घरघरत समुद्राकडे जाते. ते तटरक्षक दलाचे. मिरजोळ्याची धावपट्टी बरीच वर्षे त्यांच्या वापरात आहे. बंदरावर नवा आलेला माणूस मान वर करून पाहतो. आमची माणसे पाहतही नाहीत. मात्र वादळाची खबर आली आणि एखादी नौका परतायची राहिली, की त्याच विमानाच्या आवाजासाठी अख्खी वाडी कान लावून बसते. विमान म्हणजे चैन, असे ज्यांना वाटते त्यांनी अशा एका रात्री मिरकरवाड्यात मुक्कामाला यावे.

मुख्य मुद्द्याकडे वळण्यापूर्वी एका बेटाची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी लक्षद्वीपला जाण्याचा योग आला. कोचीहून आगत्तीला पंख्याचे विमान जाते. दीडएक तासाचा प्रवास. खाली निळ्या पाण्याशिवाय काही दिसत नाही. मग एकाएकी पाण्यावर ठेवलेल्या केळीच्या पानासारखे बेट दिसू लागते आणि त्याच्या दक्षिण टोकाला, जिथे जमीन अगदी निमुळती होते, तिथे धावपट्टी. दोन्ही अंगांना समुद्र. उतरताना चाके पाण्यालाच टेकणार असे वाटते. विमानतळाची इमारत म्हणाल तर आपल्याकडच्या तालुक्याच्या एस.टी. स्थानकापेक्षा फार मोठी नाही. ना काचेचे घुमट, ना फिरते जिने. विमानातून उतरायचे, चालत यायचे, परवाना दाखवायचा, सामान उचलायचे आणि नारळीच्या सावलीतून घरी जायचे.

पण त्या विमानातली माणसे मी विसरलेलो नाही. माझ्या पुढच्या रांगेत पोटावर हात धरून बसलेले एक म्हातारे गृहस्थ होते. कोचीच्या रुग्णालयातून शस्त्रक्रिया करून घरी निघालेले. त्यांच्या पलीकडे तान्हे मूल घेतलेली बाई, एक शाळामास्तर, दोन सरकारी कारकून आणि माझ्यासारखे चार हौशी प्रवासी. विमान टेकले तेव्हा आम्ही हौशी मंडळी खिडक्यांना नाके लावून बसलो होतो. त्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात उघडून क्षणभर ओंजळीकडे पाहिले. एवढेच. पण विमानतळ कशासाठी असतो, हे मला त्या क्षणी कळले.

२०११ च्या जनगणनेत आगत्तीची वस्ती साडेसात हजारांच्या आसपास होती. तिथे १९८८ साली विमान सुरू झाले. धावपट्टी उणीपुरी बाराशे मीटरची. म्हणून विमान लहान लागते आणि प्रसंगी भारही कमी घ्यावा लागतो. त्या सेवेत खंड पडले, विमाने बदलली, कंपन्या बदलल्या. पण बेटाला विमान हवे की नको, हा वाद कुणी घातल्याचे माझ्या कानावर आले नाही. साडेसात हजार माणसांसाठी विमान परवडते का, असा हिशेब मांडला असता तर पहिल्याच पानावर शाई संपली असती. तो हिशेब मांडला गेला नाही, कारण ती माणसे देशाची आहेत एवढे एकच कारण पुरेसे होते.

आता रत्नागिरी. जिल्ह्याची लोकसंख्या त्याच जनगणनेप्रमाणे सोळा लाखांवर. लगेच कुणीतरी म्हणेल, “अहो, पण रत्नागिरी बेट नाही. तुम्हाला रस्ता आहे, रेल्वे आहे.” मान्य. मोकळेपणाने मान्य. आगत्तीच्या माणसाला विमान नाही तर बोट, आणि बोटीला रात्रभराहून अधिक वेळ. आमची गत तितकी वाईट नाही. परंतु नकाशावर जमिनीला जोडलेले गाव बेट नसते, ही समजूत नकाशा काढणाऱ्याची झाली, त्यात राहणाऱ्याची नव्हे.

इतिहासच पाहा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केल्यावर इंग्रजांनी १८८६ साली आणून ठेवले ते रत्नागिरीस. १९१६ साली त्याने इथेच देह ठेवला. सावरकरांना अंदमानाच्या बेटावरून परत आणल्यावर १९२४ पासून १९३७ पर्यंत स्थानबद्ध केले ते याच जिल्ह्यात. ज्याला जगाच्या वाटेवरून बाजूला ठेवायचे त्याला रत्नागिरीस ठेवावे, हे साहेबाला कळले होते. आज अंदमानच्या विमानतळाला सावरकरांचे नाव आहे आणि तिथे मोठाली विमाने उतरतात. त्या बेटाचे बेटपण सरले. आमचे मात्र दरसाल आषाढात परत येते.

आमच्या आजोबांच्या वेळी मुंबईची वाट बोटीची होती. बोट दूर उभी राहायची, पडावातून माणसे आणि ट्रंका काठाला यायच्या. पावसाळा लागला की बोटी बंद, म्हणजे वाटही बंद. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण अजून दबक्या आवाजात निघते. पुढे बोटी गेल्या, एस.टी. आली. १९९८ साली कोकण रेल्वे राष्ट्राला अर्पण झाली तेव्हा आम्हाला वाटले, सुटलो! पण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीला पूर आला, चिपळूण बुडाले, गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि महामार्गही अडला. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीच्या परिसरात दरड रुळावर आली आणि पुन्हा तेच. महामार्गाच्या चौपदरीकरणाविषयी काय लिहावे? ते काम २०११ साली सुरू झाले. त्या वर्षी पाळण्यात असलेली मुले पुढे त्याच खड्ड्यांतून सहलीला गेली.

हे ऐकल्यावर विरोधक आपला हुकमाचा पत्ता टाकतात. “विमानाने जाणार कोण? मिरकरवाड्यातले मच्छीवाले?” आणि हसतात. या हसण्याचीच मला सर्वांत अधिक चीड आहे. कारण ते हसणारे स्वतः वर्षातून एकदा कुठे विमानात बसतात आणि त्याची छायाचित्रे वर्षभर दाखवतात. मिरकरवाडा, राजिवडा, कर्ला या वाड्यांतली कित्येक घरे आखातातल्या नोकरीवर उभी राहिली. त्या घरांतल्या बायांनी विमानतळाचा दरवाजा तुमच्याआधी पाहिला. फरक एवढाच, की तो मुंबईचा होता. मुलाला निरोप द्यायला रात्रभर गाडीत बसायचे, दारात दोन मिनिटे रडायचे आणि पुन्हा रात्रभर गाडीत बसून परत यायचे. आमच्या शेजारचा एक मुलगा बाप गेल्याचे कळताच आखातातून निघाला. समुद्र ओलांडायला त्याला तीन तास लागले. मुंबईहून घरी यायला चौदा. तो पोहोचला तेव्हा दफन होऊन गेले होते. ओटीवर बसून तो एवढेच म्हणाला, “दुबई जवळ होती, रत्नागिरीच लांब पडली.” यात कुणा एकाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. पण या वाक्यावर कुणाला हसू येत असेल तर त्याने खुशाल हसावे.

हे झाले नको म्हणणाऱ्यांचे. आता हवा म्हणणाऱ्यांकडे वळतो, कारण खरे नुकसान त्यांनीच अधिक केले आहे. त्यांना विमान नको असते. त्यांना विमानतळ हवा असतो. म्हणजे कमान हवी, कोनशिला हवी, कुणाचे नाव द्यायचे यावर वाद हवा आणि उद्घाटनाला मांडव हवा. शेजारच्या सिंधुदुर्गाचे उदाहरण ताजे आहे. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. अडीच हजार मीटरची धावपट्टी, म्हणजे आगत्तीच्या दुप्पट. त्या समारंभात विमानापेक्षा राजकीय चिमटेच अधिक उडाले, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. आणि पुढे? ‘उडान’ योजनेत सरकार कंपनीची तूट तीन वर्षे भरून देते. तीन वर्षे सरली आणि २०२४ साली त्याच कंपनीची मुंबईची फेरी थांबली. चतुर्थीला गावी येणाऱ्या चाकरमान्याने धावपट्टीची लांबी मोजायची की विमानाची वाट पाहायची?

इथेच सारी गोम आहे. २०१७ साली ‘उडान’ची पहिली फेरी सिमल्याहून दिल्लीला निघाली, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, निम्म्या जागांना तरी ही मर्यादा, असे ठरले. कल्पना उत्तम. पण तिच्या पोटात एक समजूत दडलेली आहे, की लहान गावाची विमानसेवा तीन वर्षांत आपल्या पायांवर उभी राहील. काही राहतीलही. सगळ्या कशा राहतील? १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. धावली. त्यानंतर घाटातल्या, रानातल्या, खाडीपलीकडच्या गावांना गाड्या गेल्या. त्यातल्या कितीतरी फेऱ्या फायद्याच्या नव्हत्या, पण एस.टी. आली म्हणून मुलगी शाळेत गेली, बाळंतीण दवाखान्यात गेली, हा नफा कुठल्या वहीत लिहायचा? खाडीवरच्या तरीचा नावाडी एक उतारू असला तरी होडी सोडत असे. विमानाला हाच न्याय लावा. लहान विमानतळ हे शहराच्या डोक्यावरचे शिरपेच नव्हे. ती तर आहे. तरीचा काठ संगमरवरी असून काय उपयोग, जर पलीकडून होडीच येत नसेल?

मी भाबडेपणाने काही मागत नाही. बांगडा विमानाने जाणार नाही, तो ट्रकनेच जाईल. जिवंत शेवंड किंवा महागडी कोळंबी चार पेट्या गेली तर गेली. आंब्याच्या दोन महिन्यांवर वर्षाचा संसार चालत नाही. रस्ता सोडून विमान द्या, असेही माझे म्हणणे नाही. रस्ता तर आधीच देणे लागता. मिरजोळ्याला नव्या टर्मिनलचे काम काढले गेले, त्याचे स्वागतच आहे. पण त्या इमारतीच्या छायाचित्रांनी हुरळून जाणाऱ्यांना माझे चार प्रश्न आहेत. विमान रोज ठरल्या वेळी सुटेल का, अर्धे रिकामे असले तरी? आषाढात ढग खाली आले असताना ते उतरवण्याची यंत्रणा असेल का, की ज्या महिन्यांत आम्ही बेट होतो नेमक्या त्याच महिन्यांत फलक लागेल, ‘आज विमान रद्द’? झोपवून न्यायच्या रुग्णाची सोय असेल का? आणि तीन वर्षांनंतर तूट कोण भरील, हे आजच कागदावर लिहिले जाईल का?

पाचवी अट मिरकरवाड्याची आहे. प्रवासी विमाने येवोत, पण तटरक्षक दलाच्या विमानाला त्या पट्टीवर पहिला मान राहिला पाहिजे. २०१७ च्या डिसेंबरात ‘ओखी’ वादळाने लक्षद्वीपला झोडपले तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या नौका वाऱ्याने रेटत थेट आमच्या देवगडच्या बंदरात आसऱ्याला आल्या होत्या. भाषा कळत नव्हती, पण त्या खलाशांच्या डोळ्यांतली भीती कुणाला समजावून सांगावी लागली नाही. आगत्तीचा दर्या आणि आमचा दर्या एकच आहे, हे तेव्हा पुन्हा कळले. त्या बेटावर जे साध्या पट्टीवर आणि साध्या छपराखाली साधले, ते आम्हाला साधू नये असे काही नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री बंदरावर नौकांवर दिवे लागतात. पाण्यात ते दुप्पट दिसतात आणि लहान मुले मोजता मोजता चुकतात. परवा माझ्या नातीने विचारले, “आजोबा, आपल्याकडे विमान कधी येणार?” मी म्हटले, “बाळ, विमानतळाचे विचारशील तर तो कधीही येईल. निवडणुका जवळ आल्या की बरेच काही येते. विमानाचे विचारशील, तर आपण विचारायचे थांबलो नाही तर येईल.” तिला ते कितपत कळले, ठाऊक नाही. तुम्हाला कळले असेल, तर फराळ संपल्यावर विचारायला सुरुवात करा.