प्रश्न मराठीत विचारला तर चालेल का?

बोनकोडे हे कोपरखैरण्याला लागून असलेले आगरी गाव. १९७० साली सिडको आली, मग हळूहळू भातशेती गेली, मिठागरे गेली, सेक्टर उभे राहिले. गावठाण तेवढे दाटीवाटीने उरले. त्या गावठाणात मी भाड्याने राहतो. घरात आमची कोकणी मुसलमानांची बोली, जिन्यावर आगरी, दुकानात हिंदी आणि लिहायला मराठी. एवढ्या भाषांत वावरणाऱ्या माणसाला एका संध्याकाळी कुणीतरी मुके करून टाकले, त्याची ही हकिगत आहे. हकिगत माझी असली तरी तक्रार माझ्या एकट्याची नाही.

माझा भाचा दहावीला आहे. शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमिजिएटला त्याला ए ग्रेड मिळाली. पोराला चित्रकलेच्या कॉलेजात जायचे आहे. घरात त्यावरून कुरबूर आहेच, तिच्याकडे मी पुढे येतो. दक्षिण मुंबईतल्या एका नामांकित गॅलरीत एका तरुण चित्रकाराशी संवाद असल्याचे आमंत्रण माझ्या वाचनात आले. खाली लिहिले होते, 'सर्वांसाठी खुले, प्रवेश विनामूल्य'. मी भाच्याला घेऊन निघालो. कोपरखैरण्याहून वाशी, वाशीहून गाडी बदलून सीएसएमटी आणि तिथून पायी. जायला पावणेदोन तास लागले.

चित्रकार पश्चिम महाराष्ट्रातला, ऊस पिकवणाऱ्या भागातला. चित्रे ऊसतोडणी कामगारांची. चांगली चित्रे होती, हे आधी सांगतो. सव्वा तास कार्यक्रम चालला, अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी एका चित्राचे नाव विचारले. चित्रकार अडखळत 'सिकल' म्हणाला, पुढे काहीतरी श्रमाबद्दल बोलला. शेवटी प्रश्नांची वेळ आली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'प्रश्न मराठीत विचारला तर चालेल का?' बाई हसून म्हणाल्या, 'शक्य असेल तर इंग्रजीतच विचारा, सर्वांना समजायला हवे.' मी दोन वाक्ये इंग्रजीत जुळवायचा प्रयत्न केला, तिसऱ्याला अडलो आणि खाली बसलो. चित्रकार मान खाली घालून बसला होता.

कार्यक्रम संपल्यावर तो स्वतःच आमच्या मागे बाहेर आला. कोपऱ्यावरच्या चहावाल्याजवळ उभे राहून तो माझ्या भाच्याशी अर्धा तास मराठीत बोलला. आत ज्याला त्याने सिकल म्हटले होते, तो 'कोयता' होता. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. दोघांपैकी एक आजारी पडले तर कोयता मोडतो आणि उचल मात्र फिटायची राहते. चित्रात नवऱ्याचा आणि बायकोचा हात एकच का काढला आहे, हे त्या क्षणी आम्हाला कळले. आत बसलेल्या साठ-सत्तर माणसांना ते कळले नाही. त्यांना 'सिकल' मिळाली. म्हणजे त्या संध्याकाळी नुकसान एकट्या आमचे झाले नाही.

'सर्वांना समजायला हवे' या वाक्यातले हे 'सर्व' कोण, हा माझा प्रश्न आहे. ज्या शहराची भाषा मराठी, ज्या चित्रकाराची मराठी, ज्या विषयाचा शब्दही मराठीशिवाय उलगडत नाही, तिथे मराठी बोलणारा माणूस 'सर्वां'त मोडत नाही. खुला दरवाजा आणि विनामूल्य प्रवेश एवढ्याने कार्यक्रम सार्वजनिक होत नसतो. आत आलेल्या माणसाला तोंड उघडता आले, तर तो सार्वजनिक.

चित्रकाराच्या बोलण्याला एवढे महत्त्व कशाला, चित्र बोलतेच की, असे काही जण म्हणतील. तैयब मेहता यांचे उदाहरण घ्या. १९४७ च्या दंगलीत महंमद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठेचून मारलेले त्यांनी खिडकीतून पाहिले. ते दृश्य आपल्याला आयुष्यभर सोडून गेले नाही, असे ते स्वतः सांगत. हे ऐकल्यानंतर त्यांच्या चित्रांतली ती कोसळणारी, हातपाय वेडेवाकडे झालेली माणसे पुन्हा पाहा. तो महंमद अली रोड आपला आहे, आपण तिथे रमजानमध्ये जातो, कापड घेतो, नातेवाइकांकडे उतरतो. पण आपल्यातल्या किती जणांना कुणी सांगितले, की कोट्यवधी रुपयांना विकली गेलेली ती चित्रे या रस्त्यावरच्या एका मयतापासून सुरू होतात? रुमाना हुसेन यांनी डिसेंबर १९९२ नंतर कॅनव्हास बाजूला ठेवून फुटकी मडकी, आरशाचे तुकडे आणि गेरू हाती घेतले. १९९९ साली त्या गेल्या. बाबरी मशीद आणि त्यानंतरची मुंबई यांवर आपल्या कवींनी, कथाकारांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. तीच जखम एक बाई मडक्याच्या खापरांतून मांडत होती, हे मात्र आपल्याला परके राहिले. त्या खापरांविषयीचे बोलणे आपल्या भाषेत आलेच नाही.

चित्रकाराचे बोलणे लोकांपर्यंत पोहोचले नाही, की त्याच्या वतीने दुसरेच कुणीतरी बोलू लागते. मकबूल फिदा हुसेन यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेला, मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवून पोट भरलेला हा माणूस. राममनोहर लोहियांनी सुचवले म्हणून त्याने रामायणावर चित्रे केली. ती चित्रे बैलगाडीत घालून हैदराबादजवळच्या खेड्यांत नेली, आणि लोकांनी ती शांतपणे पाहिली, असे हुसेन सांगत. तिथे गॅलरी नव्हती, शुभ्र भिंती नव्हत्या. गाडी, चित्रे आणि ओळखीची गोष्ट एवढेच होते.

पुढे बैलगाडी गेली आणि चित्रे श्रीमंतांच्या भिंतींवर गेली. १९९६ साली एका नियतकालिकाने त्यांच्या सरस्वतीच्या जुन्या रेखाटनावर रान उठवले. त्या ऑक्टोबरमध्ये अहमदाबादेत गॅलरीत घुसून त्यांची चित्रे जाळण्यात आली. मे १९९८ मध्ये मुंबईतल्या त्यांच्या घरावर हल्ला झाला. २००६ मध्ये त्यांनी देश सोडला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटले रद्द केले, तरी ते परतले नाहीत. २०१० साली त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. मराठीतून चार व्याख्याने झाली असती तर हल्ला टळला असता, असा भाबडा दावा मी करत नाही. ज्यांना जाळायचे होते त्यांनी जाळलेच असते. पण बाकीच्या लाखो लोकांनी हुसेनविषयी पहिल्यांदा जे ऐकले ते जाळणाऱ्यांच्या तोंडून ऐकले, आणि तेही मराठीत-हिंदीत. बाजू घेणारे मात्र इंग्रजीत निषेध करत राहिले. दोन्ही बाजूंचे माप इथेच असमान झाले.

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला हुसेनचे 'ग्रामयात्रा' हे १९५४ चे चित्र ११८ कोटी रुपयांना गेले. आकडा सगळ्या मराठी वर्तमानपत्रांत छापून आला. भारतातल्या खेड्यांचे हे चित्र कित्येक दशके नॉर्वेतल्या एका इस्पितळात टांगलेले होते, ही गोष्ट त्या आकड्याहून मोठी आहे. चित्रात खेडे आहे आणि खेड्याने ते पाहिलेले नाही. किंमत आपल्या भाषेत येते, अर्थ येत नाही.

गॅलरीवाल्यांची उत्तरे ठरलेली आहेत. पहिले उत्तर, मराठी लोक येत नाहीत. मराठी माणूस तिकीट काढून नाटकाला जातो, संमेलनात मांडवात बसून दिवसभर परिसंवाद ऐकतो. तो गॅलरीत येत नसेल तर दोष त्याच्या आवडीचा की तुमच्या आमंत्रणाचा? ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करता करता चित्रे काढणारे सुधीर पटवर्धन यांनी २००८-०९ मध्ये 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांत फिरवले. म्हणजे चित्रे मुंबईबाहेर हलू शकतात. हलवणारा हवा.

दुसरे उत्तर, आमची खाजगी जागा आहे. असेल. मग आमंत्रणावर 'सर्वांसाठी खुले' लिहू नका. 'आमच्या गिऱ्हाइकांसाठी' असे लिहा, आम्ही गाडीभाडे वाचवू. शिवाय ज्या चित्रकारांवर तुमचा व्यवहार चालतो, त्यांतले कितीतरी जण सरकारी अनुदानावर चाललेल्या कलाशाळांतून शिकून आलेले असतात. त्या अनुदानात बोनकोड्याचाही पैसा आहे.

सरकारी जागेत तरी काय वेगळे घडते? ८ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन होते. अमोल पालेकर हे स्वतः जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या गुंडाळल्या गेल्याबद्दल ते बोलू लागले, तेव्हा त्यांना मध्येच अडवले गेले. बरवे यांच्यापुरतेच बोला, असे सांगितले गेले. त्यांचे भाषण अपुरे राहिले. पालेकरांची ही गत, तर माझ्या मराठी प्रश्नाचे काय घेऊन बसलात! एका जागी भाषेने तोंड बंद होते, दुसऱ्या जागी अधिकाराने. दोन्हीकडे हवी असते ती फक्त तारीफ.

आता आपल्याकडे वळू, कारण दुसऱ्याला चार शब्द सुनावून आपले घर झाकून ठेवणे बरे नाही. भाच्याच्या चित्रकलेवरून घरात कुरबूर आहे असे मी म्हणालो. 'तसवीर काढणे आपल्यात चालत नाही,' हे वाक्य त्याला आठवड्यातून एकदा ऐकावे लागते. ते बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या श्रद्धेची मी थट्टा करणार नाही. पण त्यांच्याच खिशातल्या मोबाइलमध्ये नातवंडांचे शेकडो फोटो आहेत. आणि इतिहास काय सांगतो? अहमदनगरच्या निजामशाहीत सुमारे १५६५ साली 'तारीफ-ए-हुसेनशाही' हा सचित्र ग्रंथ तयार झाला. तो आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात सुलतान आहे, त्याची बेगम आहे, दरबार आहे. म्हणजे याच मातीत, मुसलमान दरबारात, साडेचारशे वर्षांपूर्वी चित्रे काढली जात होती. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचे चित्रप्रेम तर प्रसिद्धच आहे. हा वारसा आपण पोरांना सांगत नाही.

हुसेनच्या बाबतीतही आपण असेच वागलो. त्यांच्यावर हल्ला झाला की ते आपले. एरवी त्यांच्या चित्रांसमोर पाच मिनिटे उभे राहायला आपल्याला सवड नाही. दोह्यात त्यांच्या नावाचे संग्रहालय झाले याचा अभिमान वाटतो, पण पंढरपूरच्या या लेकाविषयी आपल्या किती शाळांत, किती मोहल्ल्यांत एक तरी कार्यक्रम झाला?

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मुसलमानांची भाषा मराठी कशी, असे विचारणारे तेव्हा दोन्ही बाजूंना होते. आपण वाद घालत बसलो नाही, मांडव घातला. आज चित्रकलेसाठीही तेच करायला हवे. संमेलनात एक सत्र चित्रकारांचे ठेवा. वार्षिक अंकाचे मुखपृष्ठ ज्याने केले त्याला व्यासपीठावर बोलवा आणि बोलू द्या. गॅलरीवाल्यांकडे मागणे फार नाही. प्रत्येक प्रदर्शनात एक संध्याकाळ मराठीत ठेवा, चित्राशेजारची माहिती मराठीत लावा, प्रश्न कुठल्याही भाषेत येऊ द्या, आणि वर्षातून एकदा चित्रे नाही तर निदान चित्रकार तरी खाडीच्या अलीकडे पाठवा.

जागा नाही असे कुणी म्हणू नये. बेलापूरला चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात बांधलेली आर्टिस्ट व्हिलेज नावाची वसाहत आहे. सात-सात घरांमध्ये एक अंगण, अशी तिची रचना. असे एक अंगण, सतरंजी आणि एक दिवा एवढे पुरते. तेही न जमले तर आमच्या गावठाणात शाळेची खोली मिळेल. चहाची जबाबदारी माझी.

त्या रात्री परतताना वाशीला गाडी बदलताना भाच्याने विचारले, 'मामू, तो बाहेर जे बोलला ते आत का नाही बोलला?' मी त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरे उत्तर मला ठाऊक होते, पण पंधरा वर्षांच्या पोराला ते सांगायची शरम वाटली. तो आता पुन्हा तिकडे जायचे म्हणतो आहे. या खेपेला प्रश्न तो विचारणार आहे, आणि परवानगी न मागता मराठीतच विचारणार आहे.