हौसेची विद्या

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. परंतु हौसेतून मिळणाऱ्या विद्येचे मोल फार मोठे असते.

संगणकाच्या पोटात सिलिकनची एक लहानशी चिप असते. तिच्यावर ट्रान्झिस्टर नावाची असंख्य सूक्ष्म विजेची बटणे असतात. अशी चिप अवाढव्य कारखान्यातच बनावयाची, अशी पुष्कळांची समजूत असते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या सॅम झेलूफ या शाळकरी मुलाने ती खोटी ठरविली. जेरी एल्सवर्थ या महिलेने घरी ट्रान्झिस्टर बनविल्याचे पाहून त्याला स्फूर्ती झाली आणि आईवडिलांच्या घरातील गॅरेजात त्याने काम आरंभिले. २०१८ साली त्याची पहिली चिप तयार झाली. तिच्यावर अवघे ६ ट्रान्झिस्टर होते. २०२१ साली त्याने १०० ट्रान्झिस्टरांची चिप बनविली.

हे काम चिकाटीचे आहे. सिलिकनची चकती भट्टीत सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तिच्यावर ऑक्साइडचा थर चढवावा लागतो. त्यावर प्रकाशाने बदलणारा लेप देऊन भिंगातून लहान केलेली आकृती पाडावयाची, नको असलेला थर आम्लाने काढावयाचा, सिलिकनमध्ये दुसऱ्या मूलद्रव्याचे अणू मुरवावयाचे आणि शेवटी धातूच्या रेषांनी सारे जोडावयाचे. धुळीचा कण पडला तरी श्रम वाया जातात.

यावर कोणी म्हणेल, "इंटेल कंपनीच्या १९७१ सालच्या चिपवरही सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते, आज तर एका चिपवर अब्जावधी असतात. मग हा खटाटोप कशासाठी?" आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. बाजारात मडकी मिळतात, म्हणून चाकावर बसणाऱ्या मुलाचा वेळ फुकट जात नाही. त्याचे मडके वाकडे होते. पण माती कशी वळते, हे त्याच्या बोटांना कळते. विकत घेतलेली वस्तू केवळ वापरता येते. स्वतः घडविलेली वस्तू समजते.

मात्र हौस आंधळी नसावी. या कामी लागणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल त्वचेतून आत शिरून हाडांनाही इजा करते. म्हणून मुलांनी हे धाडस करू नये. त्यांनी विजेरीचा सेल, तार आणि लहान दिवा यांपासून आरंभ करावा आणि जाणत्यांच्या देखरेखीखाली एकेक पायरी चढावी. जो आज दिवा का लागला, हे समजून घेतो, तोच उद्या चिपचे मर्म जाणील.