जुनेराचे अर्थकारण

जुन्या कपड्यांच्या पुनर्वापराला श्रीमंत राष्ट्रांत आता कायद्याचे बळ मिळाले आहे. १ जानेवारी २०२५ पासून युरोपीय संघाच्या सदस्य राष्ट्रांना टाकाऊ कापड वेगळे गोळा करणे बंधनकारक झाले. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु गोळा झालेल्या कापडाचे पुढे काय होते, हा प्रश्न सत्तेचा आहे. त्यातील उत्तम कपडे युरोपातच खपतात. उरलेल्यांपैकी पुष्कळ आफ्रिकेच्या बंदरांत उतरतात. दान म्हणून दिलेला सदरा तेथे पोहोचेपर्यंत वजनावर विकायचा माल झालेला असतो.

पूर्व आफ्रिकेतील राष्ट्रांनी २०१६ साली ही आयात तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करून स्वतःचा वस्त्रोद्योग उभारण्याचे ठरविले. लगेच २०१७ साली अमेरिकेतील जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने आपल्या सरकारकडे तक्रार गुदरली. आफ्रिकी मालाला २००० सालच्या कायद्याने मिळालेली जकातमाफी जाण्याची भीती दिसताच केनिया, युगांडा व टांझानिया मागे हटले. रवांडाने मात्र किलोमागे २० सेंटांवरून अडीच डॉलरांवर नेलेली जकात कायम ठेवली. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या तयार कपड्यांची सवलत स्थगित केली. मुक्त व्यापाराची प्रवचने देणाऱ्यांनी दुर्बळाला नकाराचेही स्वातंत्र्य ठेवले नाही.

तथापि केवळ आयातबंदीने प्रश्न सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. घानाच्या राजधानीत, अक्रा येथे, कांटामांटो बाजारावर हजारो कुटुंबांची चूल पेटते. तेथील विक्रेते बंद गाठ विकत घेतात. आत फाटके निघाले तर तोटा त्यांचा, आणि कचरा शहराच्या माथी. जानेवारी २०२५ मध्ये या बाजाराचा मोठा भाग आगीत जळाला, तेव्हा या कष्टकऱ्यांचे भांडवलच नष्ट झाले. त्यांची उपजीविका मोडून उद्योग उभारणे हा समाजवाद नव्हे.

म्हणून मागणी नेमकी हवी. फ्रान्समध्ये २००७ पासून कापडाच्या विल्हेवाटीचा भार उत्पादकांवर आहे. २०२५ च्या सुधारित निर्देशानुसार ही व्यवस्था साऱ्या युरोपीय संघात यावयाची आहे. उत्पादकांनी भरलेले हे शुल्क गाठीबरोबर अक्रापर्यंत गेले पाहिजे. फाटके कापड निवडून काढल्याखेरीज गाठ जहाजावर चढता कामा नये. आणि आयात नाकारणाऱ्या राष्ट्राला व्यापारी शिक्षा होता कामा नये.

परदेशी कापडाची मालमोटार अडविताना १९३० साली मुंबईत बाबू गेनू या गिरणी कामगाराने प्राण दिले. आपल्या बाजारात कोणते कापड यावे हे आपण ठरवू, हाच त्या लढ्याचा आशय होता. तोच हक्क आज रवांडा मागत आहे. त्याच्या बाजूने उभे राहणे हे आपले कर्तव्य आहे.