प्रशिक्षक काय करणार नाही?

शाळेच्या स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा आढावा असतो, देणगीदारांचे ऋणनिर्देश असतात, गुणवंतांच्या याद्या असतात. मैदानाच्या वाट्याला मात्र बहुधा एखादे छायाचित्र येते आणि त्याखाली ढाल घेऊन उभ्या असलेल्या संघाची नावे. वस्तुतः निवासी शाळेतील मूल वर्गाइतकेच मैदानावर घडत असते, आणि तेथे त्याला घडविणाऱ्या माणसाच्या हाती वर्गशिक्षकापेक्षाही अधिक सत्ता असते. वर्गशिक्षक बुद्धीला वळण लावतो. मैदानावरचा शिक्षक शरीराला आज्ञा करतो. अजून एक फेरी मार, पाणी नंतर पी, दुखत असले तरी ऊठ. आईवडील दूर गावी असताना ही सत्ता कोणत्या विचाराने वापरली जाते, हा प्रश्न किरकोळ नव्हे. ज्या खेळात हा प्रश्न अतिशय तीव्रतेने उभा राहिला, त्या अमेरिकन फुटबॉलच्या आधारे आम्ही त्याचा येथे विचार करीत आहोत.

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो हा खेळ नव्हे. यात चेंडू लंबगोल असतो, प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात आणि मैदान १०० यार्डांचे असते. चेंडू ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे लागते आणि समोरच्यांनी त्यांना अडवायचे असते. चेंडू घेऊन धावणाऱ्याला अंगाने धडकून जमिनीवर पाडणे, म्हणजे ‘टॅकल’, हा या खेळाचा प्राण. डोक्याला शिरस्त्राण आणि खांद्यांना जाड कवच असूनही हाडे मोडतात, मेंदूला हादरे बसतात. विसाव्या शतकाच्या आरंभी तर मैदानावर इतके तरुण दगावू लागले, की १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले. पुढील वर्षी नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली. तरीही या खेळात प्रशिक्षकाचा निर्णय हा खेळाडूच्या देहावरचा निर्णय असतो, हे मूळ सत्य बदलले नाही.

म्हणूनच अमेरिकेत शाळेच्या संघासाठी प्रशिक्षक नेमताना त्याला ‘तुमचे प्रशिक्षणाचे तत्त्वज्ञान काय?’ असे विचारण्याची पद्धत आहे. उमेदवार शिस्त, जिद्द, संघभावना, चारित्र्य असे चार भारदस्त शब्द सांगतो आणि प्रश्न संपतो. आमचे म्हणणे असे, की या शब्दांत तत्त्वज्ञान नसते. ज्या कृतीने सामना जिंकता येईल, पण जी आपण मुलांच्या बाबतीत कदापि करणार नाही, अशा कृतींची यादी म्हणजे प्रशिक्षकाचे तत्त्वज्ञान होय. ही यादी ज्याच्यापाशी नाही, त्याच्यापाशी केवळ सुभाषिते आहेत.

सुभाषिते बहुधा उसनी असतात. जिंकणे हेच सर्वस्व, अशा आशयाचे एक वाक्य व्हिन्स लोम्बार्डी यांच्या नावावर सांगितले जाते आणि खेळाडूंच्या खोल्यांच्या भिंतींवर झळकते. ते वाक्य मुळात लोम्बार्डींचे नाही. त्यांच्या आधी रेड सँडर्स या प्रशिक्षकाने ते वापरले होते. स्वतः लोम्बार्डी १९३९ ते १९४७ या काळात न्यू जर्सीतील सेंट सिसिलिया या शाळेत मास्तर होते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि लॅटिन हे त्यांचे विषय. १९५९ मध्ये ग्रीन बे पॅकर्स हा संघ त्यांच्या हाती आला, तेव्हा आदल्या हंगामात त्याने १२ पैकी अवघा एक सामना जिंकला होता. पुढील नऊ हंगामांत त्यांनी पाच अजिंक्यपदे मिळविली. त्यांची युक्ती काय होती? एकच साधी चाल ते फळ्यावर मांडत आणि प्रतिस्पर्धी असा उभा राहिला तर तू कोठे, तसा उभा राहिला तर तू कोठे, हे प्रत्येकाला कारणासह समजेपर्यंत पुनःपुन्हा शिकवीत. त्यांच्यापासून घेण्यासारखे होते ते त्यांचे मास्तरपण. अनुकरण करणाऱ्यांनी घेतले मात्र भिंतीवरचे वाक्य आणि आवाजातील दरारा.

दराऱ्याची परंपरा कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण १९५४ सालचे आहे. टेक्सास ए अँड एम या महाविद्यालयाचे नवे प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंट यांनी आपला संघ जंक्शन नावाच्या गावी दहा दिवसांच्या शिबिराला नेला. दुष्काळाचे वर्ष, अंग भाजणारे ऊन, आणि सरावात पाणी वर्ज्य. शिबिर संपले तेव्हा सुमारे ३५ खेळाडू उरले होते. बाकीचे मध्येच निघून गेले होते. त्या हंगामात संघाने १० पैकी एकच सामना जिंकला. दोन वर्षांनी मात्र तोच संघ अपराजित राहिला आणि जंक्शनची कथा पौरुषाची गाथा म्हणून सांगितली जाऊ लागली. ब्रायंट पुढे अलाबामात सहा राष्ट्रीय अजिंक्यपदांचे मानकरी झाले, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

परंतु अशा कथा नेहमी टिकून राहिलेले सांगतात. जे रात्रीच्या अंधारात सामान उचलून निघून गेले, त्यांच्या तोंडून ती कोणी ऐकत नाही. शिवाय पाणी नाकारून माणूस कणखर होतो ही समजूत शरीरशास्त्राच्या विरुद्ध आहे. उष्णतेने शरीराचे तापमान मर्यादेबाहेर गेले की मनोधैर्य कितीही असो, अवयव निकामी होऊ लागतात. २०१८ च्या मे महिन्यात मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा एक खेळाडू सरावातील धावण्याच्या फेऱ्यांत उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी मरण पावला. त्याला वेळीच थंड पाण्यात बुडवून शरीराचे तापमान उतरविले गेले नव्हते, हे नंतरच्या चौकशीत उघड झाले आणि विद्यापीठाने जबाबदारी स्वीकारली. जंक्शनपासून मेरीलँडपर्यंत ६४ वर्षे लोटली होती. उपचार ठाऊक होता. ‘आता थांब’ म्हणण्याची सवय तेवढी नव्हती.

या परंपरेला एका माणसाने सौम्यपणे, पण आयुष्यभर नकार दिला. त्यांचे नाव जॉन गॅग्लियार्डी. १९४३ साली कोलोरॅडोतील त्यांच्या शाळेच्या प्रशिक्षकाला युद्धावर जावे लागले, आणि १६ वर्षांच्या या विद्यार्थ्याने संघ हाती घेतला. तोवर जे जे निरर्थक व क्लेशकारक वाटले होते, ते त्याने बंद केले. पाण्यावरची बंदी उठविली. १९५३ मध्ये ते मिनेसोटातील सेंट जॉन्स या महाविद्यालयात आले आणि तेथे २०१२ पर्यंत, म्हणजे ६० हंगाम, राहिले. हे महाविद्यालय बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी स्थापन केलेले. विद्यार्थी तेथेच राहणारे, आणि खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. धर्मसंस्थेने चालविलेल्या निवासी शाळेच्या वाचकांना ते वातावरण परके वाटू नये.

गॅग्लियार्डींची ख्याती त्यांच्या नकारांसाठी होती. सरावात टॅकल नाही. शिट्टी नाही. दीड तासापेक्षा लांब सराव नाही. संघात येऊ इच्छिणाऱ्या कोणालाही वगळणे नाही. ‘कोच’ म्हणून हाक मारायची नाही. सर्वांनी ‘जॉन’ म्हणायचे. व्यायामाच्या नावाखाली कधीकधी खेळाडूंनी गवतावर उताणे पडायचे आणि शेजाऱ्याला आज दिवस किती छान आहे, असे सांगायचे. ऐकणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. परंतु या पद्धतीने त्यांनी ४८९ सामने जिंकले. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये कोणत्याही प्रशिक्षकाने याहून अधिक सामने जिंकलेले नाहीत. १९६३, १९६५, १९७६ आणि २००३ अशी चार राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांना लाभली. येथे शिस्त नव्हती असे कोणी समजू नये. प्रत्येकाने आपली जागा, आपले पाऊल, आपली वेळ अचूक सांभाळावी, हा आग्रह कठोरच होता. मात्र तो आग्रह भीतीवर उभा नव्हता.

नकारांच्या जोडीला काही होकारही लागतात. त्यासाठी एडी रॉबिन्सन यांच्याकडे पाहावे. १९४१ साली, वर्णभेदाच्या कायद्यांचा अंमल असताना, लुईझियानातील ग्रॅम्बलिंग येथील कृष्णवर्णीयांच्या एका छोट्या शिक्षणसंस्थेत २२ वर्षांचा हा तरुण प्रशिक्षक झाला आणि १९९७ पर्यंत तेथेच राहिला. मैदानावर चुन्याच्या रेघा तेच आखत. प्रवासात गोऱ्यांच्या खानावळीत प्रवेश नसे, तेव्हा खेळाडूंसाठी सँडविच तेच बनवीत. युद्धकाळात तेथील शाळेचा संघ त्यांच्याकडे होता. काही मुलांना वडिलांनी कापूस वेचणीसाठी घरी ठेवून घेतले, तेव्हा रॉबिन्सन संपूर्ण संघाला घेऊन शेतात गेले आणि कापूस वेचून मुलांना मोकळे केले. महाविद्यालयाच्या वसतिगृहात ते पहाटे घंटा वाजवीत फिरत; सरावासाठी नव्हे, तर मुले तासाला वेळेवर जावीत म्हणून. त्यांनी ४०८ सामने जिंकले आणि त्यांचे २०० हून अधिक विद्यार्थी व्यावसायिक संघांत गेले. त्यांपैकी डग विल्यम्स १९८८ च्या जानेवारीत सुपर बोल हा अंतिम सामना जिंकून देणारे पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचे सूत्रधार, ठरले. तरीही पदवी हातात पडल्यावाचून मुलगा येथून जाऊ नये, हा रॉबिन्सन यांचा ध्यास कायम होता.

मग नव्या प्रशिक्षकाने गॅग्लियार्डींची यादी उतरवून घ्यावी काय? नाही. उसनी यादी उसन्या वाक्याइतकीच पोकळ ठरेल. येथे जो एरमन यांचा मार्ग उपयुक्त वाटतो. बाल्टिमोर कोल्ट्स या व्यावसायिक संघाचे हे बलदंड खेळाडू पुढे गिलमन या शाळेत प्रशिक्षण देऊ लागले. प्रशिक्षकाने आधी स्वतःची झडती घ्यावी, असे ते सांगतात. मी हे काम कशासाठी करतो, मी असाच का वागतो, माझ्या हाताखाली खेळणाऱ्याला काय वाटत असेल आणि माझ्या लेखी यश म्हणजे काय, या चार दिशांनी ती झडती जाते. बहुतेक जण ज्या रीतीने स्वतः शिकले त्याच रीतीने शिकवतात. आपल्याला मिळालेला अपमान पुढच्या पिढीला वारसा म्हणून देतात. ही साखळी जाणीवपूर्वक पाहिल्यावाचून तुटत नाही. गिलमनच्या खेळाडूंना एक नियम होता: शाळेतील कोणताही मुलगा भोजनगृहात एकटा जेवताना दिसता कामा नये. चारित्र्य या मोठ्या शब्दाचा इतका नेमका अर्थ आम्ही क्वचितच वाचला आहे.

यावर एक आक्षेप निश्चित येईल. खेळ कठोर आहे. सराव सौम्य ठेवला तर सामन्यात मुले अधिक जखमी होतील. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, पण अनुभव वेगळे सांगतो. डार्टमथ महाविद्यालयाचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्ये सरावात खेळाडूने खेळाडूला पाडणे बंद केले. तंत्र शिकविण्यासाठी गाद्या आणि पुतळे वापरले. पुढे तेथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मैदानावर धावणारा यांत्रिक पुतळाच तयार केला. २०१५ मध्ये डार्टमथ आपल्या गटात संयुक्त विजेता ठरला. २०१६ मध्ये त्या गटातील, म्हणजे आयव्ही लीगमधील, आठही संघांच्या प्रशिक्षकांनी हंगामातील सरावातून टॅकल काढून टाकण्याचा निर्णय एकमताने घेतला. मेंदूला बसणारे वारंवारचे हादरे पुढील आयुष्यात स्मृती आणि विवेक हिरावून घेऊ शकतात, हे वैद्यकाने तोवर दाखवून दिले होते. गॅग्लियार्डी जे अर्धशतकापूर्वीपासून करीत होते, त्याला नामवंत विद्यापीठांची मान्यता मिळाली ती अशी.

आपल्या शाळांत हा खेळ नाही आणि तो यावा असेही आमचे म्हणणे नाही. पण कबड्डी आहे, कुस्ती आहे, धावण्याच्या शर्यती आहेत, आणि एप्रिलचे ऊन आहे. म्हणून एक साधी सूचना करावीशी वाटते. प्रत्येक निवासी शाळेच्या क्रीडाशिक्षकाने वर्षारंभी अर्ध्या पानावर लिहावे: पाणी कधीही नाकारणार नाही, दुखापत झालेल्या मुलाला डॉक्टरांच्या अनुमतीवाचून उतरवणार नाही, अपशब्दाने किंवा हात उगारून शिकवणार नाही, राखीव मुलांना वर्षभर बाकावर बसवून ठेवणार नाही. ही यादी आमची झाली. त्याची त्याने करावी, मुलांशी बोलून करावी, आणि दरवर्षी पुन्हा तपासावी. ते पान वसतिगृहाच्या सूचनाफलकावर लागावे. भेटीच्या रविवारी आलेल्या पालकांनी ढालींचे कपाट पाहण्यापूर्वी ते वाचावे, आणि माजी विद्यार्थ्यांनी क्रीडासाहित्यासाठी देणगी देताना त्याविषयी अगत्याने विचारावे. क्रीडाशिक्षकावर अविश्वास दाखविण्यासाठी हे सुचविलेले नाही. सामना हातातून निसटत असताना, प्रेक्षक ओरडत असताना, एखादे दमलेले मूल त्याच्याकडे पाहील, त्या क्षणी निर्णय घेण्यास त्याला या पानाचा आधार व्हावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.