बायोडाटा लग्नाचा नव्हे, कामाचा!



पोटाला चिमटा घेऊन आपण मुलामुलींना राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांत शिकवतो. पदवी हाती येते. शेतकरी उत्पादक कंपनी, ठिबकची कंपनी, फळबागायतदारांचा गट यांच्याकडे पीक सल्लागाराच्या जागा निघतात आणि अर्जासोबत बायोडाटा मागतात.

बायोडाटा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो लग्नाचा. उंची, रास, वडिलांची जमीन, मामाचे गाव! नोकरीचे कित्येक अर्जही याच वळणाचे असतात. पान भरते, पण उमेदवाराला काय येते, ते शोधूनही सापडत नाही.

सल्लागार नेमणारा एवढेच पाहतो, की याच्या शब्दावर शेतकऱ्याने खिशातला पैसा का घालावा? त्याचे उत्तर पहिल्या पानावरच मिळाले पाहिजे.

‘कीड व्यवस्थापनाचे उत्तम ज्ञान’ असे कोणीही लिहील. त्याऐवजी, समजा, असे लिहिले: ‘ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या काळात कपाशीच्या ९ शेतांत एकरी २ कामगंध सापळे लावले. गुलाबी बोंडअळीचे पतंग रोज मोजून नोंद ठेवली. ज्या ५ शेतांत सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग आले, तेथेच फवारणी सुचवली. बाकी ४ शेतांचा त्या फवारणीचा खर्च वाचला.’ अडचण काय होती, तुम्ही काय केले आणि शेतकऱ्याच्या पदरात काय पडले, या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. प्रत्येक कामाचे असेच लिहावे.

घरच्या शेतीतले काम कमी लेखू नये. लेकीने ठिबकमधून खते देण्याचे वेळापत्रक बसवले असेल, माती परीक्षणाचा अहवाल पाहून खताचा हिशेब मांडला असेल, बचतगटाची वही ठेवली असेल, तर तोही अनुभवच आहे. आकड्यानिशी लिहावा.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. नवख्या उमेदवाराला एक पान पुरते. फार तर दोन. नाव, गाव, फोन वर ठळक असावे. अलीकडचे काम आधी, जुने नंतर. जागा द्राक्षाची असेल तर द्राक्षाचा अनुभव वर आणावा. एकच कागद सगळीकडे पाठवू नये. दुचाकीचा परवाना, संगणक, कोणत्या भाषा बोलता येतात, हे लिहावे. ओळखीचा म्हणून कोणा प्राध्यापकाचे वा शेतकऱ्याचे नाव देणार असाल, तर आधी त्यांना विचारावे.

आणि फुगवून लिहू नये. मुलाखतीत दोन प्रश्नांत पितळ उघडे पडते. पण नोकरी हुकणे हा त्यातला लहान तोटा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. औषध कोणते, किती, कशात मिसळू नये, अंगावर काय घालावे, हे सांगणारा माणूस दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेत असतो. म्हणून जे येते तेच लिहावे; जे शिकत आहोत त्यापुढे ‘शिकत आहे’ असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा नाही.

आईवडिलांनो, बायोडाटा तयार झाला की तो घरात मोठ्याने वाचून घ्या. इंग्रजीत असेल तर मराठीत सांगायला लावा. तुमच्याच बांधावर घडलेले काम तुम्हाला त्यात ओळखू आले, तर खुशाल अर्ज पाठवा. ओळखू आले नाही, तर त्याला किंवा तिला पुन्हा लिहायला बसवा.